दुसरे हात

दोन मॉड एका खेळात सुखानं नांदवायचे म्हणजे दोन जावांना एका चुलीवर स्वयंपाक करायला लावणं, असं शलाका सामेळ कामावर आलेल्या नव्या मंडळींना सांगायची. दोघी आपापल्या जागी सुगरण. पण आमटीत चिंच की आमसूल, एवढ्यावरून घर डोक्यावर घेतील. मग कुणीतरी सासू होऊन शेवटचा शब्द टाकावा लागतो. शलाका गेली एकोणीस वर्षं ही सासूगिरी करत होती आणि त्या धंद्यात तिच्या तोडीची सासू दुसरी नव्हती.

खेळाचं नाव ‘घडण’. २०४४ साली पुण्यात ‘घडण’ न खेळणारं घर शोधावंच लागलं असतं. रिकाम्या माळावर उतरायचं आणि एकेक वस्तू घडवत गाव उभं करायचं, एवढाच खेळ. प्रत्येक वस्तूची एक कृती असे. दोन लाकडं आणि एक दगड मिळून कुऱ्हाड, माती आणि जाळ मिळून वीट. हौशी लोक त्यात आपापली भर घालत, तिला मॉड म्हणायचं. कुणी शेती आणली, कुणी गलबतं. भांडण लागायचं ते दोन मॉडनी एकाच वस्तूच्या दोन वेगळ्या कृती दिल्या की. खेळाला बिचाऱ्याला बरंवाईट कळत नाही. जी कृती शेवटी चढवली ती खरी. आधीची कुठं जात नाही, तिथंच असते, पण मुकी.

शलाका अशा वेळी तिसरा छोटा मॉड लिहायची आणि तो सगळ्यांच्या शेवटी चढवायची. त्यातल्या कृती आधीच्या कृतींना झाकून टाकायच्या आणि दोन्ही मॉड गुण्यागोविंदानं चालू लागायचे. तिचे वडील मुरलीधर सामेळ तांबट होते. दोन पत्रे जोडायला तांबट झाळ मारतात, म्हणून ती आपल्या या छोट्या मॉडना ‘झाळ’ म्हणायची. वडिलांच्या धंद्यातला एवढा एक शब्द तेवढा आपल्या वाट्याला आला, असं ती हसत सांगायची. त्या हसण्यात कडवटपणा असायचा.

नवव्या वर्षापासून ती शाळा सुटली की अप्पांच्या, म्हणजे वडिलांच्या, दुकानात जाऊन बसायची. अप्पा ठोकत आणि ती भांडं धरून फिरवायची. बाराव्या वर्षी एका सकाळी अप्पा म्हणाले, “उद्यापासून दुकानात यायचं नाही.” का, कशासाठी, काही नाही. त्याच महिन्यात तिचा मोठा भाऊ हर्षद बारावीला नापास होऊन दुकानात बसू लागला. बारा वर्षांच्या मुलीला याचा अर्थ कुणी समजावून सांगावा लागत नाही. आपलं धरणं म्हणजे लाडाचा पोरखेळ होता, खरा वारस मोठा झाला तशी आपली गरज संपली, हे ती समजली. त्यानंतर ती त्या दुकानाची पायरी चढली नाही. हर्षद सव्विसाव्या वर्षी कात्रजच्या घाटात मोटरसायकलच्या अपघातात गेला, तेव्हा ती ढसाढसा रडली. पण ती अढी भावाबरोबर गेली नाही.

आता अप्पा सत्त्याहत्तरचे होते आणि गेली तीन वर्षं तिच्याकडेच राहत होते. दुकान केव्हाच बंद झालं होतं. आधी त्यांना शेजाऱ्यांची नावं आठवेनात, मग नातेवाइकांची, मग स्वतःचं. शब्दही आटत गेले. राहिली होती ती एकच विचित्र खोड. शलाका जवळून गेली की ते तिचं डावं मनगट पकडत, ते थोडंसं फिरवत आणि वर हलकेच थोपटत. हातात गरम भाजीची कढई असली तरी तेच.

“अप्पा, सोडा हो. भाजेल ना,” ती वैतागून म्हणायची. ते सोडायचे आणि अपराध्यासारखे बघत राहायचे.

उपचार सुचवला डॉ. मंजिरी वालावलकरांनी. शलाकानं सवयीनं फोन डाव्या कानाला लावला होता, कारण उजव्या कानानं तिला लहानपणापासून जरा कमी ऐकू यायचं.

“आठवण म्हणजे कपाटातली पैठणी नव्हे,” डॉक्टर म्हणाल्या, “की काढली, पाहिली आणि घडी न मोडता ठेवून दिली. आपण काही आठवतो तेव्हा मेंदूतली ती जुळणी थोडा वेळ सैल पडते आणि मग नव्यानं घट्ट होते. तुमच्या वडिलांना विचारा. तांबं ठोकून ठोकून कडक होतं, तेव्हा ते काय करतात?”

“पुन्हा भट्टीत घालून लाल करतात. मग ते मऊ पडतं.”

“आणि मऊ असताना ठोकाल तो आकार घेतं. आमचा कपाळपट्टा ती मऊ वेळ ओळखतो आणि ती लांबवतो. त्या वेळात माणूस जे करील ते मेंदूत पक्कं बसतं. या आजारात नावं आधी जातात, हातांच्या सवयी सगळ्यात शेवटी. म्हणून आम्ही हातांच्या वाटेनं आत शिरतो.”

सत्त्याहत्तर वर्षांच्या माणसाच्या हाती खरी भट्टी देणार कोण? म्हणून डॉक्टरांनी ‘घडण’ उसना घेतला होता. डोळ्यांवर चष्मा चढवला की समोर दुकान उभं राहायचं आणि हातमोज्यांतून हातोड्याचं वजन, पत्र्याची धग, ठोक्याचा हादरा सगळं हाताला लागायचं. डॉक्टरांचा एक मॉड होता, ‘दिनक्रम’. त्यात पाणी पिणं, गोळी घेणं, जेवणं यांच्या कृती होत्या. त्याच्या जोडीला ज्या त्या पेशंटच्या धंद्याचा मॉड घालायचा. शिंप्याला शिवणाचा, माळ्याला बागेचा. अप्पांसाठी तांबटकामाचा मॉड शलाकाला करायचा होता.

त्यातल्या कृती तिनं लिहिल्या नाहीत. तिनं अप्पांना हातमोजे घातले, कपाळपट्टा बांधला, आणि पाच दिवस यंत्रानं त्या हातांनाच विचारून कृती लिहून घेतल्या. तिनं आपल्या पदरचं एकच काम घातलं, ते नाव घालण्याचं. भांडं घडलं की त्यावर छिन्नीनं ठिपक्या-ठिपक्यांनी गिऱ्हाइकाचं नाव घालण्यात अप्पांचा हातखंडा होता. लग्नाच्या भांड्यांवर त्यांनी घातलेलं नाव पन्नास वर्षांनीही वाचता येई.

सहाव्या दिवशी ती कृती वाचायला बसली. तांब्या, पातेलं, परात. शेवटी घागर: तांब्याचा पत्रा एक, जाळ एक, चिंचेचं पाणी एक, हातोडे दोन, खरवई एक, म्हणजे जमिनीत रोवलेली ती लोखंडी मेख जिच्यावर भांडं उपडं घालून ठोकतात. आणि सगळ्यांत खाली: दुसरे हात एक.

शलाकानं ती ओळ दोनदा वाचली. तिच्या डोळ्यांसमोर हर्षद उभा राहिला.

पहिलं भांडण अपेक्षेप्रमाणे तांब्यावरून लागलं. ‘दिनक्रम’मध्ये तांब्या ही पाणी प्यायची तयार वस्तू होती आणि अप्पांच्या मॉडमध्ये ती घडवायची वस्तू होती. अप्पा दोन तास खपून सुरेख तांब्या करत, तो रांजणात बुडवत, आणि खेळ म्हणे, यात पाणी मावत नाही. अप्पा तांब्या उलटसुलट करून भोक शोधत बसत. शेवटी त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. आयुष्यात त्यांचं भांडं कधी गळलं नव्हतं.

शलाकानं अर्ध्या तासात झाळ मारली. ज्याच्या हातचा असेल त्याचा असो, तांब्या तो तांब्या. दुसऱ्या दिवशी अप्पांनी स्वतःच्या हातचा तांब्या भरला, तोंडाला लावला, आणि इकडे खऱ्या खोलीत तिनं हातात दिलेलं खरं पाणी घटाघटा प्यायले. तीन वर्षांत त्यांनी आपणहून काही पिण्याची ती पहिली वेळ होती. शलाकाला त्या दिवशी आपल्या धंद्याचा फार अभिमान वाटला.

मग अप्पांनी घागर करायला घेतली आणि सगळं आगीतून फुफाट्यात गेलं.

पत्रा कापला, तापवला, खोलगट केला, खरवईवर चढवला. अप्पांनी हातोडा उचलला, आणि एक हात बाजूला धरून ते म्हणाले, “धर.”

आणि थांबले.

दहा मिनिटं झाली, तास झाला. ते अधूनमधून दाराकडे बघत आणि पुन्हा म्हणत, “धर.” दुपार उलटली तरी हातोडा खाली येईना. शलाका ताट घेऊन गेली, तर त्यांनी ते सरकवून दिलं. सामेळांच्या घरचा पिढ्यानपिढ्यांचा दंडक होता, खरवईवर भांडं असताना ताटावर बसायचं नाही. अर्धं भांडं उपाशी, तर तांबटही उपाशी. बाकी सगळं विसरलेल्या माणसाला हा दंडक मात्र लख्ख आठवत होता. चष्मा काढला तरी त्यांच्या लेखी घागर खरवईवरच होती.

तिनं खेळातला एक आयता गडी धरायला बसवला. अप्पांनी त्याच्याकडे ढुंकून पाहिलं नाही. मग तिनं स्वतः चष्मा चढवला, हातमोजे घातले आणि ती अप्पांच्या समोर पाटावर जाऊन बसली. हर्षद असाच समोर बसत असणार, दोन तगडे पुरुष समोरासमोर, असं तिनं मनाशी धरलं होतं. तिनं घागरीला हात लावला. अप्पांनी मान हलवली आणि कोपरानं तिला बाजूला सारलं. एकदा नाही, तीनदा.

शलाका उठली, चष्मा काढून स्वयंपाकघरात गेली, आणि ओट्याला टेकून उभी राहिली. सेहेचाळीस वर्षांची झाली होती ती. तरी बारा वर्षांच्या मुलीला लागावं तसं लागलं.

शलाका चमच्यानं पेज पाजे तेवढीच पोटात जायची; महिन्याभरात अप्पांचं साडेआठ किलो वजन उतरलं.

“पंधरा दिवस वाट बघू,” डॉक्टर म्हणाल्या. “नाही तर नाकातून नळी घालावी लागेल. त्यांच्या वयाला ती झेपेल याची मला खात्री नाही.”

“उपचार बंद केला तर?”

“घागर आता त्यांच्या डोक्यात खरवईवर आहे. चष्मा काढल्यानं ती उतरत नाही, हे तुम्हीच पाहिलंत.”

“ते माझ्या भावाची वाट बघतायत. भावासारखं एखादं पात्र उभं केलं तर?”

“नाही, शलाकाताई. गेलेल्या माणसाला खेळात उभं करायचं नाही, हा आमचा कडक नियम आहे. पेशंट त्यातून मागं फिरत नाहीत.”

शलाकानं घागरीची कृती पुन्हा उघडली. मग म्हणाली, “तर मग मी ती ओळच झाकते. दुसऱ्या हातांच्या जागी शिकंजा देते. भांडं शिकंज्यात आवळायचं आणि एकट्यानं ठोकायचं.”

डॉक्टरांनी लगेच होकार दिला नाही. “एक लक्षात घ्या. खेळात झाकलेली कृती शाबूत राहते. तुम्ही झाळ काढलीत की ती पुन्हा वर येते. मेंदूचं तसं नसतं. तिथं नवी कृती जुनीच्या अंगावरच ठोकली जाते. ते ज्याची वाट बघतायत तो माणूस त्या धरण्यातच शिल्लक असला, तर तोही जाईल. कायमचा.”

“जाऊ दे,” शलाका म्हणाली. “मेलेल्याची वाट बघत जित्यानं उपाशी मरायचं का?”

बोलणं बिनतोड होतं, खोटंही नव्हतं. पण पूर्ण खरं सांगायचं तर ते म्हणताना तिला आत कुठंतरी बरं वाटलं होतं. ज्या जागेवरून तिला उठवलं होतं त्या जागेवरून आता हर्षदही उठणार होता. असं बरं वाटल्याची तिला लगेच लाजही वाटली, आणि तिनं तो विचार झटकून कामाला हात घातला. झाळ पाच ओळींची होती.

पहिले दहा दिवस अप्पांनी शिकंजा काढून फेकला. अकराव्या दिवशी तो हातात धरून बसले. बाराव्या दिवशी त्यांनी घागर शिकंज्यात आवळली, हातोडा उचलला आणि ठोकायला सुरुवात केली. ठण ठण ठण ठण, कुठं न थांबता. दीड तासानं घागर खाली उतरली. अप्पांनी कपाळावरचा घाम पुसला आणि खणखणीत आवाजात म्हणाले, “चला, भांडं उतरलं. जेवायला वाढा.”

दोन भाकरी, वांग्याची भाजी, वर भात. शलाका वाढत होती आणि डोळे पुसत होती.

त्यानंतर अप्पा सुधारतच गेले. वजन भरू लागलं, शब्द परत येऊ लागले. पत्र्याचा गेज, कल्हईचा भाव, लग्नसराईची घाई यावर ते भरभरून बोलू लागले. मनगट धरायची खोडसुद्धा गेली. कढई घेऊन शलाका बिनधास्त त्यांच्या बाजूनं ये-जा करू लागली. सुंठीवाचून खोकला गेला, असं तिनं डॉक्टरांना हसत सांगितलं.

दीड महिन्यानं हुसेनचाचा आले. अप्पांच्या दुकानासमोर त्यांचं कल्हईचं दुकान. अप्पांनी भांडं घडवायचं आणि हुसेनचाचांनी त्याला आतून कल्हई करायची, अशी चाळीस वर्षांची जोडी. आता ते ब्याऐंशीचे होते. काठी टेकत जिना चढून आले, ते रुमालात खारी बांधून घेऊनच.

अप्पा चष्मा लावून कामात होते. शलाकानं चाचांनाही एक चष्मा दिला. चाचा आधी घाबरले, मग समोर जुनं दुकान पाहून विरघळले. “या अल्ला! भट्टी पण तीच!” ते म्हणाले. आणि मग अप्पांचे हात न्याहाळू लागले. शेवटी त्यांनी चष्मा काढला.

“पोरी, मुरलीनं शिकंजा कधीपासून लावला?”

“मीच दिला चाचा. हर्षदची वाट बघत बसायचे. जेवायचे नाहीत.”

“हर्षदची?” चाचांनी कपाळाला आठ्या घातल्या. “हर्षद कशाला धरतो? तो पोरगा एक दिवस धरायला बसला नाही. त्याची खरवई निराळी, त्या कोपऱ्यात. तो आपला वेगळा ठोकायचा. मुरली त्याला बोलवायचा, तर म्हणायचा, हे बायकी काम मी नाही करत.”

“मग अप्पांची घागर कोण धरायचं?”

“कुणीच नाही. तू बंद झालीस तशी मुरलीनं घागरच बंद केली. गिऱ्हाइकं परत जायची. मी म्हटलं, अरे शिकंजा लाव, जग लावतंय. तर म्हणाला, शिकंज्यात भांडं बोलत नाही, हुसेन. माझ्या पोरीचा हात होता, त्याला कळायचं कुठं फिरवायचं. नुस्ते तीन ठोके झाले की फिरवायची.” चाचांनी हवेतल्या हवेत डावा हात फिरवून दाखवला. “डावखुरी ना तू. म्हणून त्यानं आपली बैठक बदललेली. तू त्याच्या डाव्या गुडघ्याशी बसायचीस, एवढीशी.”

शलाका हळू आवाजात म्हणाली, “मग मला का काढलं?”

“तुला ठाऊक नाही?” चाचा तिच्याकडे बघत राहिले. “शाळेतनं चिठ्ठी आलेली. कान तपासणारे डॉक्टर आले होते ना? तुझा उजवा कान ठोक्यांनी चाललेला. आम्ही सगळे त्या आळीत बहिरे, मुरलीला माहीत नाही व्हय? चिठ्ठी घेऊन माझ्याकडं आला. भट्टीसमोर बसून रडला. म्हटलं, पोरीला समजावून सांग. तर म्हणतो, सांगितलं तर ती म्हणेल कानात बोळा घालून बसते, आणि मला ‘नाही’ म्हणवणार नाही.”

शलाकाचा हात उजव्या कानाकडे गेला.

“काखेत कळसा आणि गावाला वळसा झाला गं तुझा,” चाचा कळवळून म्हणाले.

ते गेल्यावर तिनं खेळानं ठेवलेल्या जुन्या नोंदी उघडल्या. अप्पा वाट बघत होते त्या महिन्याभरातली त्यांच्या हाताची प्रत्येक हालचाल तिथं होती. एकोणीस वर्षं असल्या नोंदी वाचायचं काम करणाऱ्या बाईनं या तेवढ्या उघडून पाहिल्या नव्हत्या, कारण त्यांत काय असणार ते तिनं आधीच ठरवून टाकलं होतं. ‘धर’ म्हणताना पुढं केलेला हात दर वेळी डावीकडं, गुडघ्याच्या शेजारी, जमिनीपासून जेमतेम दीड फूट वर. पाटावर बसलेल्या नऊ-दहा वर्षांच्या मुलीचा हात येईल तिथं. ती समोर जाऊन बसली होती त्या दिवशीचं कोपरानं सारणंही तिनं पाहिलं. त्यांनी तिला दूर लोटलं नव्हतं. तिन्ही वेळा ते तिला डावीकडं, तिच्या जागेवर नेत होते.

आणि ते मनगट. डावं मनगट पकडायचं, थोडं फिरवायचं, थोपटायचं. तीन वर्षं ते तिला ओळखत होते. नाव गेलं होतं, चेहरा गेला होता, तरी त्यांच्या हातांनी तिला सोडलं नव्हतं. आणि ती म्हणायची, सोडा हो अप्पा.

शलाका जमिनीवर बसून रडली. अप्पा आतल्या खोलीत बाजारभावाचं काहीतरी स्वतःशीच बोलत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं झाळ काढून टाकली. पाच ओळी पुसायला एक क्षण लागला. खाली जुनी कृती जशीच्या तशी होती: दुसरे हात एक. तिनं चष्मा चढवला आणि अप्पांच्या डाव्या गुडघ्याशी, अंग चोरून, जमेल तेवढी खाली बसली. डावा हात पुढं केला.

अप्पांनी घागर खरवईवर चढवली. बाजूला हात घातला. तो हात तिच्या हातावरून, जणू तिथं काही नाहीच असा, पुढं गेला आणि काहीतरी चाचपू लागला.

“शिकंजा कुठाय?” ते म्हणाले.

“अप्पा, मी धरते ना. हे बघा.”

“शिकंजा कुठं ठेवला इथला?” आवाज चढला. ते उठले, सगळं दुकान धुंडाळू लागले. तिनं त्यांचं बोट धरून स्वतःच्या मनगटावर ठेवलं. त्यांनी ते परक्या बाईला चुकून हात लागावा तसं चटकन मागं घेतलं.

त्या दिवशी अप्पा जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाही. तिनं डॉक्टरांना फोन केला. डॉक्टर म्हणाल्या, पुन्हा पुन्हा मऊ करून नवी घडण बसवायचा प्रयत्न करता येईल, पण महिने लागतील, बसेल याची शाश्वती नाही, आणि तोवर ते तग धरतील असं त्यांना वाटत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी शलाकानं ती पाच ओळींची झाळ पुन्हा लिहिली. तीच तीच ओळ लिहिताना तिची बोटं तीनदा चुकली. मग तिनं ती सगळ्यांच्या शेवटी चढवली आणि शिकंजा अप्पांच्या उजव्या हाताशी नेऊन ठेवला. अप्पा ठोकू लागले. संध्याकाळी दोन भाकरी जेवले.

तेव्हापासून शलाका रोज सकाळी काम आटोपून दुकानात जाते. पण आत नाही. चष्मा चढवून ती पुढच्या बाजूनं, गिऱ्हाइकं येतात तिथून येते आणि पायरीशी उभी राहते.

“या ताई, बसा,” अप्पा मान वर करून म्हणतात. “काय हवंय?”

“घागर हवी होती.”

“बसा मग. खरवईवरच आहे, उतरली की देतो. पाणी घ्या.” स्वतःच्या हातचा तांब्या ते पुढं करतात.

ती बसून बघत राहते. ठोके सलग पडतात, तीनांनंतर थांबत नाहीत. घागर उतरते. अप्पा ती उन्हात धरून फिरवतात, समाधानानं मान डोलावतात, आणि छिन्नी उचलतात.

“नाव काय घालू?”

“शलाका मुरलीधर सामेळ.”

एकेक ठिपका उमटत जातो. त्यांचा हात अजून अक्षराची ओळ सोडत नाही. शेवटच्या अक्षराशी ते थबकतात.

“सामेळ? म्हणजे आमच्यातल्याच की तुम्ही! मुरलीधर म्हणजे वडील का? आहेत?”

“आहेत.”

“तब्येत?”

“बरी आहे. मधे जेवत नव्हते. आता नीट जेवतात.”

“जेवतात ना? मग झालं,” अप्पा म्हणतात. नावावरचा कीस ते तळहातानं पुसतात आणि घागर दोन्ही हातांनी तिच्या ओंजळीत देतात. “पण आता तशाच जाऊ नका. भांडं उतरलंय. घरचीच माणसं आपण, दोन घास खाऊनच जा.”

शलाका चष्मा काढते, स्वयंपाकघरात जाते आणि दोन ताटं घेते.